सहा पावलं पुढं

तीर्थपुरीहून कुंभार पिंपळगावला डाकेची थैली नेणाऱ्या धुळाजीला, तो पायी जायचा तेव्हा, वाटेत अकरा रामराम मिळत. सायकल आली आणि ते चारावर आले. माणसं तीच होती, रानं तीच होती. झालं होतं एवढंच, की बांधावरच्या माणसानं विळा खाली ठेवून मान वर करेपर्यंत धुळाजी पुढं निघून गेलेला असे, आणि रामराम त्याच्या पाठीला लागे. त्याला उत्तर द्यायचं तर मान वळवावी लागते, आणि मान वळली की सायकलही वळते. म्हणून धुळाजी उत्तर देत नसे. चार महिन्यांत निम्म्या माणसांनी तोंड वाया घालवणं बंद केलं. रामराम ही एका हातानं फार दिवस चालणारी गोष्ट नाही.

अकरांतला एक, भुजंग, तर वाटेवरूनच गेला. पायी डाक होती तेव्हा अर्ध्या वाटेवरच्या बाभळीखाली पिंपळगावचा हरकारा भुजंग समोरून येई. दोघं थैल्या बदलत, तंबाखू मळत, एकमेकांच्या साहेबांना मनसोक्त शिव्या देत आणि परत फिरत. सायकलीनं एकटा धुळाजीच सगळी वाट मारू लागला, तेव्हा सरकारच्या लक्षात आलं की भुजंगाची गरज नाही. धुळाजीची बढती झाली असं सगळे म्हणाले. बाभळीखालून जाताना धुळाजीला मात्र रोज वाटे, की बढती झाली खरी, पण ती कुणाला सांगायची?

घरी सांगावं तर घरी कुणी नव्हतं. त्याचे दोघं भाऊ दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गोदाकाठाला उतरत, ते पावसाच्या तोंडावर वर येत. धुळाजीनं मेंढरं सोडून सरकारचा बिल्ला लावला, त्या दिवसापासून भावांनी त्याला पाहुण्यासारखं वागवायला सुरुवात केली. म्हणजे मान दिला आणि काही सांगणं बंद केलं. बायको जयवंताबाई तापात जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. थैलीत सगळ्या मुलखाची खुशाली असे, पण तिच्या तोंडावर लाखेचं सील. आठ महिने घरात एक माणूस, एक तवा आणि खुंटीला टांगलेली एक लोखंडी सळई.

त्या सळईची गोष्ट आधी सांगायला हवी.

सायकल त्यानं जालन्यात मस्तगडच्या एका दुकानातून जुनी घेतली होती. दुकानदारानं हवा भरून दाखवली, घंटी वाजवून दाखवली, आणि ब्रेकबद्दल एवढंच सांगितलं की दोन आहेत. कुठला कधी दाबायचा हे सांगितलं नाही, धुळाजीनं विचारलं नाही. ज्यानं आयुष्यभर मेंढरं नुसत्या तोंडानं थांबवली, त्याला थांबवण्याची विद्या शिकावी लागते हेच मुळात ठाऊक नव्हतं.

मग पहिल्याच महिन्यात बाजाराच्या दिवशी तो पिंपळगावच्या वेशीत शिरला आणि समोर पारावर काकासाहेब बसलेले दिसले. काकासाहेब गावचे मोठे. त्यांच्यासमोरून घोड्यावर बसूनसुद्धा कुणी जात नसे. उतरायचं, रामराम घालायचा, चार पावलं पायी जायचं आणि मग पुन्हा स्वार व्हायचं, अशी रीत. धुळाजीला रीत आठवली तेव्हा काकासाहेब चार हातांवर होते. त्यानं उजव्या मुठीखालचा दांडा जीव खाऊन आवळला. उजवा दांडा पुढच्या चाकाचा. पुढचं चाक जागच्या जागी थिजलं, मागचं वर उठलं, आणि धुळाजी मुठींवरून उडून थैलीसकट काकासाहेबांच्या पायांशी पालथा पडला. भर बाजारात.

काकासाहेबांनी पाय जरा मागं घेतले आणि म्हणाले, "एवढं नको रे बाबा. नुसता रामराम पुरे."

तंबाखूवाल्या रामकिसननं तिथल्या तिथं त्याचं नाव 'दंडवत' ठेवलं. नाक आठ दिवसांत बरं झालं, नाव काही गेलं नाही. धुळाजीनं घरी येऊन पुढच्या ब्रेकची सळई सोडवली आणि खुंटीला टांगली. पुढचा ब्रेक माणसाला तोंडावर पाडतो, हे त्याचं ज्ञान पक्कं झालं. पंचक्रोशीत ज्या दोघातिघांकडं सायकली होत्या, त्यांनीही दंडवताचा दाखला ऐकून पुढचे ब्रेक सोडवून टाकले. एकाच्या नाकावर चौघं शहाणे झाले, म्हणायचं.

आता उतार.

बाभळीच्या अलीकडं कोसभरावर रस्ता एकदम खाली जातो. मुरमाड उतार, पायथ्याला डाव्या हाताला साखराबाईचं घर, आणि घरापुढं दोन वावरं सोडून ओढा. साखराबाईचा नवरा आबाराव हा धुळाजीचा जोडीदार. दोघांनी लहानपणी एका वाड्यातली मेंढरं राखलेली, आबाराव दोन वर्षांनी मोठा. धुळाजी पायी डाक न्यायचा तेव्हा हरकाऱ्याच्या काठीला घुंगरं असत. उताराच्या वर घुंगरं वाजली की खाली साखराबाई तांब्या भरून ओट्यावर आणून ठेवी. थैली ओट्याला टेकायची, पाणी प्यायचं, आबारावाशी चार शब्द बोलायचे. अकरा रामरामांत हा एक धरलेलाच नव्हता, हा हिशेबाबाहेरचा.

आबाराव वारला आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात सायकल आली. दहाव्याला धुळाजी गेला होता, सगळ्यांच्या मागं बसून आला होता. त्यानंतर तो त्या दारात कधी थांबला नाही, कारण त्याला थांबताच येईना.

एकटा मागचा ब्रेक त्या उतारावर काय करणार? उतारावर भार सगळा पुढच्या चाकावर जातो, मागचं हलकं होतं. धुळाजी वरपासून डावा दांडा दाबून धरी. मागचं चाक अडे, मुरमावरून फरफटे, सायकलीचं बूड डावी-उजवीकडं हले, आणि सायकल धुळाजीला घेऊन साखराबाईच्या दारावरून निघून जाई. ती उभी राही ती ओढ्याशी, दोन वावरं पुढं. तिथून मागं वळून पाहिलं तर घर दिसे. दारात कुणी नसे.

ओढ्यापासून परत चालत यायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. उताराच्या माथ्यावर उतरून सायकल हातात धरूनही येता आलं असतं. पण नीट बघा. सायकल आपसूक दारात थांबली आणि माणसानं पाणी मागितलं, तर तो तहानलेला वाटसरू. तोच माणूस दोन वावरं मागं चालत आला, तर तो साखराबाईकडं आलेला माणूस. दोन्ही बाजूंच्या रानांत माणसं होती, त्या माणसांना डोळे होते, आणि दारात एकटी बाई. धुळाजीला पाणी हवं होतं, चार शब्द हवे होते, आणि हे हवं असणं कुणाला कळायला नको होतं. सगळा भार त्यानं सायकलीवर टाकला होता, आणि सायकलीला एकच ब्रेक होता.

एक गोष्ट तो करी. उताराच्या माथ्यावरून घंटी वाजवायला लागे, ती पायथ्यापर्यंत. घुंगरांची जागा घंटीनं घेतली होती. साखराबाईला कळावं, तिनं दारात यावं, निदान दिसावं. पण त्याला दुरून दिसायचं ते भलतंच. घंटी वाजली की ओट्यावर बसलेली साखराबाई सूप-धान्य तिथंच टाकून आत जायची आणि दार लोटायची. रोज. दोन वर्षं. एकट्या बाईला आपलं येणं-जाणं नको आहे, असा धुळाजीनं त्याचा अर्थ लावला. तरी घंटी वाजवणं त्यानं सोडलं नाही.

परत येताना चढ असे, सायकल हातातच धरावी लागे. तेव्हा त्या घराशी हवा तितका वेळ थांबता आलं असतं. पण दुपारी साखराबाई कुणाच्या तरी रानात मजुरीला गेलेली, दाराला कुलूप. ते कुलूप धुळाजीला भावांच्या तोंडापेक्षा जास्त ओळखीचं झालं होतं. कुलूप अडकवलेल्या दोन कड्यांतली एक गंजलेली होती.

लढाईचं चौथं वर्ष होतं, माघ महिना. पिंपळगावच्या बाजारात तंबाखू बांधून देता देता रामकिसननं बातमी दिली. साखराबाईच्या भावानं, कचरूनं, तिच्यासाठी पैठणकडचा बिजवर बघितला आहे. म्होतूर, विधवेचं दुसरं लग्न, लावायचं. माणूस बरा आहे, मेंढरं बरी आहेत. बाई अजून हो म्हणाली नाही. आपल्या माणसांत विचारून सांगते म्हणाली. कचरूनं अमावस्येपर्यंतची मुदत दिली आहे.

"तिचं आपलं मानूस कोन हाये इकडं, कुनास ठाऊक," रामकिसन पुडी देत म्हणाला. "दंडवत, तुमी त्याच वाटंनं जाता. इचारा की."

रामकिसन हसत होता, पण बोलून झाल्यावरही त्याचा पुडीचा हात पुढंच होता, आणि धुळाजीला ती घ्यायचं सुचलं नाही.

अमावस्येला आठ दिवस होते.

बाजाराच्या टोकाला लिंबाखाली बद्रीनाथ सायकली दुरुस्त करायला बसे. धुळाजी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि पुढच्या ब्रेकची चौकशी केली. बद्रीनाथनं सायकल उलटी केली, सळईची रिकामी जागा बघितली. मग म्हणाला की पायातली एक वहाण फेकून देऊन लंगडत चालणारा माणूस आपण आजच बघितला. नवे रबरी गट्टे लढाईमुळं मिळत नव्हते, त्यानं जुन्या टायरचे कापून दिले. सळई घरी जाऊन बसवायला सांगितली, आणि धुळाजीचे दोन्ही हात मुठींवर ठेवून, वर स्वतःचे हात ठेवून शिकवलं.

"आधी मागचा. जरासा. गाडीला सांगायचं, थांबून राह्यलो म्हनून. मंग पुढचा. दाबायचा न्हाई, पिळायचा, वलं धोतर पिळतो तसा, हळूहळू. खरं थांबवतो पुढचाच, मागचा नुसता सरळ धरतो. बूड मागं सार, हात ताठ. आन् चाक वाकडं असलं तर पुढच्याला हात लावू नको. तू पडला तो ब्रेकनं न्हाई पडला, घाईनं पडला."

धुळाजीनं दोनदा मान हलवली. घाईनं पडला, हे त्याला पटलं. पुढं ते जास्तच पटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, परतीच्या वाटेवर, त्यानं सायकल चढावरून वर नेली आणि थैली नीट बांधून पुन्हा खाली सोडली. कुलूप लावलेल्या दारासमोर थांबण्याचा सराव करायचा ठरवला होता. रानातली माणसं बाभळींखाली भाकरी खात होती. बंद दारासमोर कुणी काही केलं तरी बोलायला जागा नव्हती. मागचा जरासा, पुढचा पिळत. नाक आपोआप मागं गेलं. सायकल दारापुढं चाळीस पावलांवर उभी राहिली. उभी राहिली, पडली नाही. धुळाजीनं पुढच्या चाकाशी रस्त्याच्या कडेला एक दगड ठेवला.

तिसऱ्या दिवशी दगड एकोणतीस पावलांवर आला. मग एकवीस. मग चौदा. रोज दुपारी तो तीन-तीन, चार-चार वेळा चढ चढे, खाली येई आणि सर्वांत जवळचा दगड राखून बाकीचे ओढ्याकडं भिरकावी. त्या आठवड्यात तो इतका बोलला, की सहा वर्षांत बोलला नसेल; सगळं सायकलीशी. सकाळी मात्र तो जुन्यासारखाच घंटी वाजवत, एकट्या मागच्या ब्रेकवर, दारावरून निघून जाई. उघड्या दारासमोर चूक करून चालणार नव्हती.

सहाव्या दिवशी दुपारी सायकल सहा पावलं पुढं थांबली.

सहा पावलं म्हणजे काय? ओट्यावरचा माणूस हात लांबवून तांब्या देऊ शकणार नाही, पण बोललेलं ऐकू जाईल. दुसऱ्या कुणीही सातव्या दिवशी सकाळी तेवढ्यावर भागवलं असतं. थांबला असता, मान वळवून "वैनी, पानी" म्हणाला असता. धुळाजीनं ओढ्याशी उभं राहून त्या सहा पावलांचा सगळ्या बाजूंनी विचार केला. सहा पावलं मागं चालावंच लागणार. दोन वावरं मागं येणं आणि सहा पावलं मागं येणं यात रानातल्या माणसांच्या लेखी काय फरक? आणि अमावस्या परवा होती. एक दिवस हातात होता.

सातव्या दिवशी सकाळी तो घंटी वाजवत निघून गेला. साखराबाई आत गेली, दार लोटलं गेलं. दुपारी, चौथ्या खेपेला, पुढचं चाक उंबऱ्याच्या बराबर रेषेत येऊन उभं राहिलं, जणू कुणी हातानं आणून ठेवलं. धुळाजीनं तिथं दगड ठेवला, पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला, पुन्हा बराबर. कुलपाकडं बघून तो हसलासुद्धा. त्या दिवशी दाराला कुलूप होतं पण ओट्यावर एक घोंगडी पडलेली होती, पुरुषाची, घड्या नवीन. त्यानं ती बघितली आणि तिचा काही हिशेब केला नाही. एरवी वाटेवरचं प्रत्येक ढेकूळ मोजणारा माणूस, आपल्या कामाची गोष्ट दिसली की तेवढीच सोडून देतो.

अमावस्येच्या सकाळी धुळाजीनं धुतलेला पटका बांधला. उताराच्या माथ्यावरून घंटी वाजवायला सुरुवात केली. मागचा जरासा, पुढचा पिळत, बूड मागं, हात ताठ. मुरूम चाकाखाली करकरला. खाली ओट्यावर साखराबाई उठली, आत गेली, दार लोटलं. सायकल उंबऱ्याच्या रेषेत येऊन उभी राहिली. घंटीचा आवाज थांबला.

दोन वर्षं त्यानं थांबण्याचाच विचार केला होता. थांबल्यावर काय बोलायचं, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं.

आतून थोड्या वेळानं आवाज आला. "सायकल बिघडली का, भावजी?"

"न्हाई. थांबली."

"मंग जावा. डाकंला उशीर व्हईल. म्या आत हाये, तोंड दाखवीत न्हाई."

धुळाजीला आधी कळलंच नाही. मग तिनं दाराआडूनच सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही, काल काय शिजवलं ते सांगावं तसं. ते होते तेव्हा भावजी रोज थांबत. ते गेले आणि भावजी थांबेनासे झाले, वरून घंटी वाजवायला लागले. घंटी वाजवतात ती बाजूला व्हा म्हणून. कामावर निघालेल्या माणसानं सकाळी विधवेचं तोंड बघू नये, एवढं तिलाही समजत होतं. सरकारी डाक, काही अडलं-घडलं तर तिच्यावर बोल. म्हणून ती घंटी ऐकली की आत होत होती. रागवायचं काय त्यात.

धुळाजीचे दोन्ही हात अजून दोन्ही दांड्यांवर होते. सायकल कधीची उभी होती, तरी तो दाबूनच होता.

"वैनी, घंटी तुमी भायेर यावं म्हनून वाजवीत व्हतो," तो म्हणाला. "मला थांबताच येत नव्हतं. पुढचा ब्रेक काढून ठेवल्ता म्या."

आतून प्रश्न आला.

"दोन वरसं?"

"दोन वरसं."

दार उघडलं. साखराबाई तांब्या घेऊन बाहेर आली आणि ओट्यावर पूर्वीच्याच जागी ठेवून बाजूला उभी राहिली. तिच्या हातात नव्या बांगड्या होत्या, हिरव्या नाहीत, पण नव्या. धुळाजीनं त्या बघितल्या आणि पाण्याकडं हात केला. तिनं रस्त्याच्या कडेच्या दगडाकडं मान केली.

"ते दगड तुमीच मांडून राह्यल्ते का? रोज जवळ येत व्हते. मला वाटलं सरकारी मोजनी आली, घर रस्त्यात जातंय का काय."

"माझेच."

"मंग परवा सहा पावलांवर व्हता तवाच का न्हाई थांबले?"

तिनंही पावलं मोजली होती. धुळाजी पाणी प्यायला. तेवढा वेळ त्याला उत्तर द्यावं लागलं नाही. तांब्या रिकामा झाल्यावरही त्यानं तो तोंडाशी जरा वेळ धरला.

साखराबाईनंच पुढचं सांगितलं. कचरू काल सकाळीच आला. अमावस्येपर्यंत म्हणजे अमावस्येच्या आत. म्होतूर अंधाऱ्या पंधरवड्यातच उरकायचं असतं, आज रात्र शेवटची. आपल्या माणसांत विचारते म्हणून तिनं आठ दिवस काढले. विचारायचं होतं ते एकच माणूस रोज घंटी वाजवत निघून जात होतं. काल दुपारी पैठणकडच्या माणसाच्या गोदाकाठच्या तळावर जाऊन सुपारी फुटली. आत्ता कचरू बैलं आणायला गेला आहे.

सुपारी फुटल्यावर बोलायला उरत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. मेंढरं राखणाऱ्यांत शब्द एकदाच देतात. दुसऱ्यांदा द्यायला दुसरं तोंड कुठून आणायचं?

"मानूस चांगला हाये म्हनत्यात," धुळाजी म्हणाला.

"म्हनत्यात." तिनं तांब्या घेतला. "जावा आता. आन् भावजी, उतारावर जपून."

पिंपळगावला डाक त्या दिवशी उशिरा पोचली. वेशीत काकासाहेब पारावर होते. धुळाजीनं दहा हात अलीकडं, दोन्ही ब्रेक लावून, सायकल अलगद उभी केली, उतरला आणि रामराम घातला. रामकिसननं ते बघितलं, आणि त्या दिवसापासून दंडवत हे नाव हळूहळू मागं पडलं. पुढच्या काही महिन्यांत वाटेवरचे रामरामही वाढले. आता हाक आली की धुळाजीला थांबता येई. चारावरून ते सातावर आले, पावसाळ्यापर्यंत नवावर. अकरा काही पुन्हा झाले नाहीत. एक म्हातारा मेला होता आणि भुजंग कुठं मजुरीला गेला ते कुणाला ठाऊक नव्हतं.

साखराबाईच्या घराला बाहेरून कुलूप होतं. जी कडी गंजली होती तिच्याबरोबर दुसरीही गंजली. ज्येष्ठात एका सकाळी रामकिसन बाजाराचा माल घेऊन बैलगाडीनं त्या उतारावरून येत होता. त्याला दिसलं, की धुळाजी पुढचं चाक त्या बंद दाराच्या उंबऱ्याशी बराबर लावून उभा आहे, घंटी न वाजवता, पाय टेकून. रामकिसननं गाडी जवळ आल्यावर बैल आवरले आणि विचारलं, काय झालं, बिघडली का.

"न्हाई," धुळाजी म्हणाला. "ब्रेक बघून राह्यलो."

"मंग? हायेत का?"

"बराबर हायेत," धुळाजी म्हणाला, आणि ओढ्याकडं निघाला.